आमच्या घरातला प्रॉडक्ट ओनर

जळगावची सॉफ्टवेअर करणारी माणसं पहिल्यांदा आमच्या धुळ्याच्या गोडाऊनवर आली, तेव्हा त्यांच्या प्रमुख बाईंनी चहा संपायच्या आतच विचारलं, "तुमच्याकडून प्रॉडक्ट ओनर कोण असणार?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणजे माझे सासरे. लग्नाचे मंडप आणि भांडी भाड्याने द्यायचा आमचा धंदा त्यांनी उभा केला. गोडाऊन त्यांच्या नावावर, टेम्पो त्यांच्या नावावर, बाहेरच्या पाटीवर नाव त्यांचं. आता ओनर कोण, हा काय प्रश्न झाला? आबांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "मीच ना! आखो कोन?"

बाई हसल्या नाहीत, त्यामुळे मला त्या तिथेच आवडल्या. म्हणाल्या, "आबा, इथे ओनर म्हणजे मालक नव्हे. ॲपमध्ये आधी काय करायचं, नंतर काय, आणि काय अजिबात करायचं नाही, हे ठरवणारं एक माणूस. आमच्या टीमला रोज नवे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं त्या माणसाने द्यायची, आणि त्याचा शब्द शेवटचा."

"मंग तेच सांगी राहिनू ना मी," आबा म्हणाले. "मना शब्द शेवटलाच शे."

आमच्या यांनी मान डोलावली. मी कोपऱ्यात फोनपाशी बसले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिथेच बसत होते. चोपड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आलेली मी, आणि या धंद्यात माझं काम काय, तर फोन उचलायचा, "हो, थांबा हं" म्हणायचं आणि आबांच्या हातात द्यायचा. ॲप करून घेऊ या, हे खूळही माझंच होतं. बाई ओनरचं काम समजावून सांगत होत्या आणि माझ्या मनात एकच होतं: हे काम माझं आहे. पण सासऱ्यांसमोर "मी ओनर होते" कसं म्हणणार? नुसतं ऐकूनच आमच्या यांना ठसका लागला असता.

आबांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी आयुष्यात कोणाला "नाही" म्हटलेलं नाही. एका तिथीला धुळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत लग्नांची झुंबड उडते, सगळ्यांना तीच भगुनी-पातेली हवीत, त्याच खुर्च्या हव्यात. आलेल्या प्रत्येकाला आबा एकच सांगत, "देखूत." म्हणजे बघू या. कधी या देखूतचा अर्थ हो असे, कधी नाही असे, आणि कुठला अर्थ खरा ते लग्नाच्या सकाळी टेम्पो दारात आला की नाही त्यावरून कळे. मग आमचे हे दुसऱ्या मंडपवाल्याकडे धावत, कढया उसन्या आणत, आणि फोनवर बोलणी खायला मी असेच. अशी एक लगीनसराई गेली की मी मनात म्हणायची, पुढच्या वर्षी आपण माहेरी.

ॲपचं काम सुरू झालं. ही मंडळी सगळं एकदम करत नाहीत. दोन आठवड्यांत थोडंसं करायचं, ते चालवून दाखवायचं, तुम्ही बोलाल ते ऐकायचं, मग पुढचं थोडंसं. याला ते स्प्रिंट म्हणत. आम्ही टेम्पोवाली माणसं, आम्ही त्याला खेप म्हणायला लागलो, आणि शेवटी जळगावची मंडळीसुद्धा "पुढच्या खेपेला घेऊ" असंच बोलायला लागली.

तर पहिल्या खेपेला त्यांनी तारखांचं पान करून दाखवलं. आबा म्हणाले, छान शे, पण यात पंचांग टाका. दुसऱ्या खेपेला पंचांग अर्धं झालं, तर आबा म्हणाले, पहिल्या पानावर देवीचा फोटो हवा, खाली माझा. मग लग्नपत्रिकांचे नमुने हवे झाले. मग टेम्पो कुठे पोचला ते नकाशावर दिसायला हवं झालं. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की मोबाईल आता बोलतो, तर आपलाही बोलला पाहिजे, आणि तोही अहिराणीत. जे दिसेल ते सांगायचं, आणि आधीचं काही काढायचं नाही. जळगावच्या बाई व्हिडिओ कॉलवर नुसतं "बरं" म्हणत. असल्या "बरं"चा अर्थ मला चांगला ठाऊक होता. मीही घरात तसंच म्हणत असे.

पावसाळा संपत आला आणि ॲपमध्ये सगळं थोडं थोडं होतं, पुरं काहीच नव्हतं. तुळशीचं लग्न झालं की आमची लगीनसराई सुरू होते. मग एक दिवस त्या बाई जळगावहून एसटीने सकाळीच आल्या. आबा बाजारात गेले होते. बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "ताई, या ॲपने एकच गोष्ट करायची असेल, तर कोणती?"

मला विचार करावा लागला नाही. "तारीख टाकली की त्या दिवशी कुठलं सामान मोकळं आहे आणि कुठलं दिलेलं आहे, ते खरंखरं कळलं पाहिजे. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

"मग ओनर तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या. "नाव कोणाचंही असू दे."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच आलं. आतापर्यंत या गोडाऊनमध्ये मला कोणी काही विचारलंच नव्हतं. चहा किती टाकू, एवढंच काय ते.

आबा आल्यावर बाईंनी विषय काढला. आबा शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हनजे ओनर मी, आन काम सूनबाई करी?" बाई म्हणाल्या, "असंही चालेल." आबांनी टोपी काढून पाहिली, पुन्हा घातली. "चाली," म्हणाले. अशी मी ओनरची सून झाले. अधिकार अर्धा, कटकट पूर्ण.

मी कात्री चालवायला घेतली. पंचांग मागे, पत्रिका मागे, बोलणारा मोबाईल तर पार मागे. आबांनी विचारलं की मी म्हणायची, "देखूत, आबा." त्यांचंच औषध त्यांना देत होते मी. त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे, पण एकदा ते माझ्याकडे असं बघून गेले की मला वाटलं, कळलं असावं. समोरासमोर "नाही" म्हणायची छाती मात्र माझीही नव्हती.

आणि मग ती लाल अक्षरं आली. एका खेपेला टीमने दाखवलं: तारीख टाकली, सामान निवडलं, ते आधीच कोणाला दिलेलं असेल तर लाल रंगात येतं, "उपलब्ध नाही". मला हवं होतं तेच. आबांचा चेहरा मात्र उतरला.

"लगीनना घरले 'नाही' म्हनतस का?" ते म्हणाले. "हळद लागेल घर शे ते. आपला मोबाईल त्यासले 'नाही' म्हनी?"

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. आपल्याकडे शुभकार्यात "संपलं" म्हणत नाहीत. कुंकू संपत नाही, वाढतं. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. आबांचं म्हणणं, मोबाईलनेही "नाही" न म्हणता "वाढलं" म्हणावं. मी म्हटलं, बघते काहीतरी, पुढच्या खेपेपर्यंत शब्द शोधते.

आबांना धीर कुठला. त्यांच्याकडे टीमच्या एका प्रोग्रामरचा नंबर होता. हुशार पोरगा, पुण्यात हॉस्टेलवर वाढलेला, कामाला वाघ. आबांनी त्याला थेट फोन लावला आणि सांगितलं की सामान लागून गेलं, म्हणजे कोणाला दिलं गेलं, की तिथे "वाढलं" आलं पाहिजे, नाही-बिही काही नको. खुद्द ओनरचा फोन. त्याने कोणाला विचारलं नाही, मलाही नाही, त्याच्या बाईंनाही नाही. त्याने विचार केला की मागणी आली की हे लोक कुठूनतरी जास्तीचं सामान आणत असतील, म्हणजे साठा वाढला. आणि त्याने तसंच करून टाकलं. सामान लागून गेलं, की ॲप आपणहून त्याचा आकडा वाढवायचं, आणि समोर हिरव्या अक्षरांत झळकायचं, "वाढलं".

झालं. जगातलं पहिलं ॲप, जे कोणालाच नाही म्हणत नव्हतं. हुबेहूब आबा.

मला हे कळलं ते एका दुपारी. लोक मोबाईलवरून तारखा लावायला, म्हणजे बुक करायला लागले होते आणि मी सहज चाळत होते. आमच्याकडे मोठा डोम एकच आहे, लोखंडी ढाच्याचा, ज्याच्या आत ऊन, वारा, पाऊस काही येत नाही. ॲपमध्ये एका तारखेला आमच्याकडे दोन डोम होते. मी आधी हसले. वाटलं, आकडा चुकला असेल. मग नावं पाहिली आणि हसू गेलं. एक लग्न शिरपूरकडच्या खेड्यातलं, आधी लावलेलं. दुसरा निकाह, धुळ्यातच, लाकडाच्या वखारीवाल्या चाचांच्या मुलीचा. आमच्या मंडपाचे बांबू-वासे पहिल्यापासून त्यांच्याच वखारीतून आलेले. आबांचे जिवाभावाचे दोस्त. त्यांच्या मुलाने मोबाईलवर डोम लावला होता आणि ॲपने त्याचं अभिनंदन केलं होतं.

मी जळगावला फोन केला. बाईंनी शोध घेतला, आणि तासाभरात सगळी कहाणी बाहेर आली. त्यांनी ॲप तेवढ्यापुरतं बंद ठेवलं. पण दिलेला डोम कसा परत घ्यायचा? त्या तारखेला जळगावपासून चोपड्यापर्यंत मोठा डोम कोणाकडेच मोकळा नव्हता. आमच्या यांनी सगळीकडे फोन करून पाहिले.

आबांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, मांडीवर हात ठेवून. कोणावर रागावले नाहीत, माझ्यावरही नाही, त्या पोरावरही नाही. मी म्हटलं, "आबा, चाचांना आजच सांगायला हवं. अजून वेळ आहे. ते दुसरं काही बघतील."

"मी सांगस," ते म्हणाले. "मना दोस्त शे."

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तब्येत विचारली. वखारीचं विचारलं. मुलीच्या सासरचं विचारलं. मग म्हणाले, "भाई, तो डोमना जरा इचार करना पडी… देखूत… तुम्ही काळजी करू नका." फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांगी दिधं."

मी सगळं बोलणं ऐकलं होतं. त्यात "नाही" कुठेच नव्हतं. बाजारातल्या दुसऱ्या कोणाला आबांचं देखूत अर्धवट तरी कळलं असतं, पण चाचांना आबांनी कधी मोकळ्या हाताने पाठवलेलं नव्हतं. त्यांना ते होच ऐकू गेलं असणार. मला राग आला. आबांचा आला आणि माझा स्वतःचाही. मीही त्यांच्याशी इतके दिवस देखूत देखूत करतच होते ना.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला, रिक्षा केली आणि वखारीत गेले. चाचा करवतीपाशी उभे होते. मला पाहून मशीन बंद करायला लावलं. "ये बेटी. आबांचा फोन आला होता आत्ताच. म्हणाले काळजी करू नका."

"चाचा," मी म्हटलं, "डोम नाही मिळणार. तो आधीच एका घरी दिलेला आहे. मोबाईलमध्ये चूक झाली, ती आमची. पण डोम नाही मिळणार."

लाकडाचा भुसा झटकून चाचांनी मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः फळ्यांच्या चळतीवर बसले. वाईट वाटलंच त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "हे आबांनी का नाही सांगितलं?"

"ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत."

"आणि तू म्हणू शकतेस?"

"माझं कामच ते आहे, चाचा."

चाचा म्हणाले, "चल, आज कळलं ते बरं झालं. अजून हॉल मिळेल कुठेतरी. तुमच्या दुकानातून पहिल्यांदाच कोणीतरी साफ नाही म्हटलं बेटी. नाहीतर आम्ही काय, आदल्या दिवसापर्यंत आबांच्या भरवशावर बसलो असतो." त्यांनी चहा मागवला. चहा पिताना त्यांनी मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांचा फोटो दाखवला आणि मला जरा हलकं वाटलं.

घरी येऊन मी आबांना सांगितलं की जाऊन आले. त्यांनी विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, हॉल बघतायत. आबा म्हणाले, "अस्सं." त्या संध्याकाळी ते जेवले कमी.

पुढच्या बैठकीला आम्ही दोघं एसटीने जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल, रस्ताभर आबा खिडकीतून कपाशी बघत होते. त्या मंडळींची एक पद्धत आहे, खेप संपली की सगळे बसतात आणि काय बिघडलं ते बोलतात, कोणावर ओरडायचं नाही. तो पोरगा आधीच अर्धमेला झाला होता. बाईंनी विचारलं, "हा बदल कोणी सांगितला होता?" तो तोंड उघडणार, इतक्यात आबा म्हणाले, "मी. त्यानी काय चूक शे? मी 'वाढलं' म्हनं, त्यानी वाढाई दिधं."

सगळे हसले, तो पोरगाही. बाई मग आबांनाच म्हणाल्या, "आबा, दोन माणसं दोन गोष्टी सांगायला लागली, तर टीमने कोणाचं ऐकायचं?" ओनरपण सोडतो असं काही आबा म्हणाले नाहीत. पण त्या पोराला फोन करणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

शब्दाचं कोडं मला सोडवायचं होतं. "नाही" लिहिलं तर आबा दुखावतात, "वाढलं" लिहिलं तर लोक फसतात. मी ठरवलं आणि टीमला सांगितलं, असं लिहा: "या दिवशी हे सामान दुसऱ्या मांडवात लागलं आहे. कृपया दुसरी तारीख निवडा." लाल नको, साधा काळा रंग. ते दाखवलं तेव्हा आबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हाई बेस शे." यांनीही मान डोलावली, पण ते कशालाही डोलावतात.

तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई लागली आणि त्यातच आबांच्या भाच्याचा चोपड्याहून फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि गुरुजींनी काढलेली तारीख नेमकी शिरपूरकडच्या लग्नाचीच. त्याने मोबाईलवर डोम लावायला पाहिला, तर दुसऱ्या मांडवात लागलं आहे असं आलं. त्याने मामाला फोन केला. मामा म्हणजे आमचे आबा, आणि भाच्याच्या लेकीचं लग्न म्हणजे त्यांना घरचंच कार्य.

आबा माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते मला हाक मारून बोलावतात, त्या दिवशी स्वतः आले, खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "सूनबाई, त्या जळगाववालासले सांग. आपला नातेवाईकसाठे मोबाईलमा एक वाट ठेवा. फक्त आपलासाठे. तारीख भरेल बी ऱ्हायनी, तरी त्यासनं नाव लागाले पाहिजे. शिरपूरवालासनं मंग देखूत."

तारीख भरलेली असली तरी घरच्यांचं नाव लागायचं, म्हणजे शिरपूरवाल्यांचा डोम गेलाच. मला त्या भाच्याचं घर माहीत होतं. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. माझं लग्न जमवताना त्यानेच मध्ये बोलणी केली होती. मी नाही म्हटलं, तर चोपड्यात माझ्या आईला काय काय ऐकावं लागेल, हे मला दिसत होतं. आबांचे हात टेबलावर होते आणि ते खरंच विनंती करत होते. त्यांनी मला विनंती केलेली मी कधी पाहिली नव्हती. देखूत म्हणायला काय जात होतं? तोंडावर आलंच होतं.

"नाही, आबा," मी म्हटलं.

बाहेर टेम्पोत खुर्च्या चढवण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता आबा उठतील आणि महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. मला ते काम इतके दिवस हवं होतं आणि आता त्याचा काही आनंद होत नव्हता. नुसतं वाईट वाटत होतं.

आबांनी खिशातून मोबाईल काढला, भाच्याचा नंबर लावला, आणि तो वाजायला लागल्यावर माझ्यासमोर धरला.

"मंग त्याले तूच सांग," ते म्हणाले. "ओनर तू शे ना."